दोन्ही बाजूंनी सारखं वाकडं

आमच्या घरात वाकडी वस्तू वाकडी राहत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, डब्याचं झाकण, सायकलचं मडगार्ड, शेजाऱ्यांच्या छत्रीची काडी, नानांच्या नजरेला पडलं की सरळ होई. नाना म्हणजे माझे वडील. सुरतेत उधन्याच्या एका पॉवरलूम शेडमध्ये ते जॉबर होते. चोवीस मागांची जोडणी नीट ठेवणं हे त्यांचं काम. मागाचा एखादा भाग केसभर तिरका बसला की आडवा धागा नेणारा धोटा वाट सोडतो, धागे तुटतात, कापडावर फॉल्ट येतो आणि ताका ‘सेकंड’च्या ढिगात जातो. बारा तास हेच पाहणाऱ्या माणसाला घरी आल्यावर डोळे खुंटीला टांगून ठेवता येत नसत. जेवायला बसले की आधी ताट फिरवून वाटी बरोबर समोर आणत. माय एकदा तव्यावरून मान न वळवता म्हणाली होती, “आते भाकरीबी गुन्यावर थापू का?” गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. नाना हसले नाहीत. भाकरी खरंच एका बाजूने लांबली होती.

दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. तिन्ही बाजूंना शेड असल्यामुळे मागांचा आवाज घरातच राहायला असल्यासारखा होता. आम्ही सगळे जरा मोठ्याने बोलायचो. अजूनही माझ्या आवाजाला लोक दचकतात. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती आणि शेडमध्ये हिंदी. नाना चिडले की हिंदीत बोलत, कारण कामावर राग हिंदीतच काढावा लागे. माय मात्र सगळ्या भावना अहिराणीतच भागवत असे. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा, शुक्रवारी शेवभाजी, थंडीत तापीकाठच्या भट्टीवरून आणलेला गरम पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा. त्या घराच्या चवी एवढ्याच होत्या आणि पुरेशा होत्या.

नानांची दाढी रविवारी आणि गुरुवारी होई. न्हाव्याकडे ते जात नसत. “आपला गळा दुसऱ्याच्या हातात कशाला?” असं म्हणत. ओट्यावर पाट, खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, पितळी तांब्यात कढत पाणी, ॲल्युमिनियमच्या वाटीत गोल साबण. त्यांची दाढी मागाची साफसफाई करायच्या तारेच्या ब्रशासारखी होती. साधं रेझर ते तिच्यावर दाबून चालवीत. आवाज व्हायचा करपलेला तवा खरवडल्यासारखा, आणि तो मागांच्या खडखडाटातही ओळखू यायचा. हनुवटीवर, जबड्याच्या कोपऱ्यावर, गळ्याच्या घाटीवर हमखास कापे. मग तुरटी फिरवायची आणि वर्तमानपत्राचे कपटे चिकटवायचे. त्या कपट्यांवर तुटके शब्द असत. एका रविवारी नानांच्या हनुवटीवर मी ‘सभापतींनी’ असं वाचलेलं मला आठवतं. पुढे आयुष्यभर मी वर्तमानपत्राच्या कचेरीत तुटके शब्द जोडत बसले. त्याची सुरुवात तिथे झाली असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. खरी सुरुवात त्यानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी झाली. ती या प्रकरणात येते.

मला पाहायला अण्णा आले, मुलाला घेऊन. मूळचे आमच्याच भागातले. सुरतेत आले तेव्हा तेही मिलमध्येच लागले होते. मग फुफ्फुसांना कापसाचा त्रास झाला आणि ते भागळच्या बाजूला एका अरुंद गाळ्यात दाढीच्या सामानाचं दुकान चालवू लागले. वस्तरे, कात्र्या, चामड्याचे पट्टे, ब्रश, साबणाच्या वड्या. त्यांचा मुलगा वसंत बँकेत कारकून. मी कांदेपोह्यांचं तबक घेऊन बाहेर आले तेव्हा वसंत जमिनीकडे पाहत होता आणि त्याचे वडील माझ्याकडे न पाहता नानांच्या हनुवटीकडे पाहत होते.

“एक ब्लेड किती दिवस चालवता?” अण्णांनी विचारलं.

“चालेल तेवढे दिवस,” नाना म्हणाले.

“दाबून करता ना?”

“दाबल्याशिवाय काय निघणार?”

अण्णांनी मान हलवली आणि पोह्याची बशी उचलली. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला: वाचायला काय आवडतं? मी म्हणाले, हाताला लागेल ते. ते म्हणाले, “बरं आहे.” ते गेल्यावर नाना बराच वेळ हनुवटी चोळत बसले. “पोरगी पाहायला आले का दाढी?” असं त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हिंदीत.

चार दिवसांनी होकार आला. सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं. त्याआधी कोणीही, काहीही कारण देऊन मागे फिरू शकतं. सुपारीला दहा दिवस होते तेव्हा एका संध्याकाळी वसंत सायकलवर आला. ओट्याखाली उभा राहिला, पिशवीतून एक छोटं पुडकं काढलं आणि नानांच्या हातात दिलं.

“अण्णांनी दिलंय. तुमच्यासाठी.”

नाना त्याच्याकडे पाहत होते. नवीन धोटा मागावर चढवण्याआधी ते असंच पाहत. वसंतने तोंड उघडलं. मी दाराच्या आत होते. मला दिसलं की त्याला आणखी काही सांगायचं आहे. मायने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो एका दमात संपवला, “येतो,” म्हणाला आणि सायकलवर बसला. शब्द पाण्याबरोबर गिळले गेले.

पुडक्यात रेझर होतं. जुनं, पण राखलेलं. पितळेचं, वर निकेलची चकाकी. तीन भाग: दांडी, तळाची पट्टी आणि वरची टोपी. नानांनी ते दिव्याखाली नेलं, डोळ्यासमोर आडवं धरलं आणि एक डोळा मिटला. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

“हाई वाकडं शे.”

खरंच होतं. ओल्या फडक्याला हलका पीळ द्यावा तसं रेझरचं डोकं एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली गेलेलं होतं. ब्लेड बसवून दांडी आवळली की ब्लेडही त्याच पिळात बसे. दांडी सरळ धरली तर धार तिरपी.

“हातमाईन पडनं व्हई,” माय म्हणाली. कुणाच्या हातून पडलं असेल.

“पडनं नही. सेकंड माल शे.” नानांचा आवाज खाली आला होता. ते अहिराणीतून मराठीत आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “दुकानदार माणूस. चांगला पीस गिऱ्हाइकाला विकतो. वाकडा पीस आपल्याला.” मग थोड्या वेळाने: “आपल्याला तेवढंच समजतात.”

‘आपल्याला’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सेकंड हा शब्द आमच्या घरात कापडासाठी होता. त्या संध्याकाळी तो माझ्यापर्यंत येऊन थांबला.

माय म्हणाली, “कोनले काही बोलू नका.” नाना म्हणाले, बोलणार नाही. दिलेली वस्तू परत करायची नाही. पण घरात वाकडी ठेवायचीही नाही.

ते हात धुवायला मोरीत गेले तेव्हा मी रेझर उचललं. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण मी जॉबरची मुलगी होते. मी टोपी आणि तळपट्टी वेगळी केली आणि पुन्हा एकमेकींवर ठेवली. दोन्ही एकमेकींत चपखल बसल्या. मी ते आधी एका बाजूने पाहिलं, मग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूने. एका टोकाला जेवढा पीळ वर, तेवढाच दुसऱ्या टोकाला खाली. पडलेली वस्तू एका जागी वाकते. दोन सुटे भाग एकाच मापाने, दोन्ही टोकांना सारखे वाकत नाहीत. हे कुणीतरी मुद्दाम केलेलं होतं.

नाना मोरीतून आले. मी रेझर जागेवर ठेवलं आणि काही बोलले नाही. जिचं लग्न ठरायचं आहे तिने होणाऱ्या सासरच्या वस्तूबद्दल मत देणं बरं दिसत नाही, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. तरी मला ते येत होतं.

दुसऱ्या दिवशी रेझर शेडमध्ये गेलं. नानांनी काम कसं केलं ते त्यांनी स्वतःच नंतर मला तपशीलवार सांगितलं. त्यात त्यांना अभिमानही होता आणि शिक्षाही. निकेल खरचटू नये म्हणून व्हाइसच्या, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्याच्या, दोन्ही जबड्यांना ॲल्युमिनियमचे तुकडे लावले. तळपट्टी पातळ होती, ती जेवणाच्या सुट्टीत सरळ झाली. टोपी जाड, तिला दोन दिवस लागले. थोडं दाबायचं, सोडायचं, काचेवर ठेवून खालून उजेड येतो का ते पाहायचं. तिसऱ्या दिवशी काच आणि टोपी यांच्यामधून उजेड येईनासा झाला. जबड्याची एक बारीक खूण मात्र टोपीच्या कोपऱ्यावर उमटली. सबंध कामात तेवढीच चूक झाली, असं नाना म्हणत.

सुपारीच्या सकाळी त्यांनी सरळ केलेल्या रेझरने दाढी केली. वस्तू आता नानांच्या मनासारखी होती, पण तिच्या स्वतःच्या जातीची राहिली नव्हती. दोन्ही भागांतली फट कुठे कमी कुठे जास्त. ब्लेड मध्येच धडधडत होतं, आणि नाना नेहमीसारखे, उलट जरा जास्तच, दाबत होते. पाच ठिकाणी कापलं. पाहुणे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पाच कपटे होते. माय म्हणाली, काढा ते. काढले तर रक्त येत होतं.

खोलीत सतरंजी. अण्णा, वसंत, त्यांच्याकडचे दोन वडीलधारे. आमच्याकडून नाना आणि माझा मामा. पाटावर नारळ, सुपारी, विड्याची पानं. मी आत मायजवळ. माय सकाळपासून खापरावर मांडे भाजत होती. पुरणाचा वास आणि धूर एकत्र बाहेर जात होते. बोलणं पावसापाण्याचं, गावाकडचं चाललं होतं. अण्णांचं त्यात लक्ष नव्हतं.

“भाऊ,” ते शेवटी म्हणाले, “मी पाठवलेलं वापरलं नाही का?”

“तेच वापरलं.”

“त्याने कापलं?” अण्णांना ते खरंच कळेना. “दाबलं असेल.”

“वाकडं होतं,” नाना म्हणाले. “मी सरळ करून घेतलं.”

मग माझा मामा बोलला. मामा कुठल्याही शांततेला सुट्टी समजत असे.

“दाजी, आते जवाईलेबी व्हाइसमां धरशात का?”

सगळे हसले. वसंतसुद्धा हसला. नाना हसले नाहीत, अण्णाही नाहीत, आणि तिथेच बिघडलं.

“बघू,” अण्णांनी हात पुढे केला. नानांनी कोनाड्यातून रेझर आणून दिलं. अण्णांनी ते तळहातावर घेतलं. ते जिवंत असल्यासारखं त्यांनी त्याला अंगठ्याने चाचपलं. “नानपुऱ्यातल्या एका पारशी घराचं सामान निघालं होतं,” ते म्हणाले. “त्यात दोन होती, जोडी. एक मी वापरतो. बारा वर्षांत दुसरं कोणाला दिलं नाही. गिऱ्हाइकं मागत होती. हे वाकडंच असतं, भाऊ. मुद्दाम.”

“मुद्दाम वाकडं कोण करतं?” नाना म्हणाले. “चांगलं असतं तर विकलं असतं. आमच्याकडे धाडलं म्हणजे सेकंडच ना.”

“सेकंड?”

अण्णांचा चेहरा बदललेला मी दाराच्या फटीतून पाहिला. वडीलधाऱ्यांपैकी एकाने दाराकडे पाहत चपला शोधायला सुरुवात केली. सुपारी न फोडता उठायची वेळ आली की माणसं आधी चपला शोधतात. पाटावरची सुपारी अखंड होती. माझं लग्न एका दाढीच्या सामानावरून मोडायला मिनिटभर उरलं होतं.

मी बाहेर गेले. हातात तबक नव्हतं, डोक्यावर पदर घ्यायचा राहिला होता.

“नाना, ते दोन्ही बाजूंनी सारखं वाकडं होतं,” मी म्हणाले. आवाज मागांवर मात करायला शिकलेला, त्यामुळे गल्लीपर्यंत गेला असणार. “टोपीही आणि पट्टीही. एकाच मापाने. पडलेली वस्तू अशी वाकत नाही, आणि बिघडलेलीही नाही. मी पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

आणि मग सतरंजीच्या कडेवरून वसंतचा आवाज आला.

“अण्णांनी सांगायला सांगितलं होतं. ‘हे तिरपंच असतं, दाबायचं नाही.’ एवढं सांगून ये म्हणाले होते. मी नाही सांगितलं.”

“का?” अण्णांनी विचारलं.

वसंतने नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “भीती वाटली,” तो म्हणाला.

आज एवढ्या वर्षांनी बातमीदाराच्या नजरेने पाहिलं तर त्या खोलीत दोन माणसांकडे माहिती होती आणि दोघांनीही ती दाबून ठेवली होती. आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो, हे बहुधा तिथेच ठरलं.

चपला शोधणारे थांबले. अण्णांनी पुढच्या दोन मिनिटांत जे केलं त्याबद्दल मला त्यांचा कायम आदर वाटला. त्यांनी वाद घातला नाही. “भाऊ, धागा आहे का खिशात?” त्यांनी विचारलं. जॉबरच्या खिशात धागा नसेल तर काय असेल? नानांनी सदऱ्याच्या खिशातून सुताचा तुकडा काढला. “ताणून धरा.” अण्णांनी कागदातून नवं ब्लेड काढलं, बोटांत धरलं आणि धाग्यावर सरळ खाली टेकवलं. धागा खाली झुकला, झुकत गेला, मग तुटला. “दुसरा धरा.” या वेळी त्यांनी ब्लेड तिरपं केलं आणि दाब न देता हलकेच पुढे सरकवलं. धागा झुकलाच नाही. दोन टोकं नानांच्या दोन हातांत राहिली.

“केस म्हणजे धागाच, भाऊ. सरळ धार त्याला ढकलते. तिरपी धार कापत जाते. म्हणून त्याला वाकडं करतात, म्हणून ते दाबायचं नसतं. तुमच्या दाढीला हेच पाहिजे. मी त्या दिवशी पोहे खाताना तेच बघत होतो.”

नानांनी अण्णांच्या हातातून ब्लेड घेतलं, मामाला धागा धरायला लावला आणि प्रयोग स्वतः केला. एकदा सरळ, एकदा तिरपं. पुन्हा सरळ, पुन्हा तिरपं. जॉबर एका खेपेवर विश्वास ठेवत नाही. सहाव्या धाग्यानंतर आतून मायचा आवाज आला.

“विळीवर भाजी कोन दाबीसन कापस?” भाजी कोण दाबून कापतं, एवढंच तिचं म्हणणं. रोज दोन्ही वेळा ती धारेवरून भाजी ओढून कापत होती, आणि घरातल्या यंत्राच्या माणसाने ते कधी पाहिलं नव्हतं.

“चुकलं माझं,” नाना म्हणाले. हे त्यांनी मराठीत म्हटलं, चारचौघांत म्हटलं, आणि माझ्या आठवणीत ते एकदाच म्हटलं. मग लगेच, काम वाटून द्यावं तशा आवाजात: “सुपारी फोडा. तुमचं दुसरं रेझर मला उसनं द्या. लग्नाच्या आत हे परत वाकडं करतो.”

सुपारी फुटली. मांडे गरम होते. मामाने पाच खाल्ले.

सरळ करायला तीन दिवस लागले होते. वाकडं करायला तीन आठवडे लागले. अण्णांचं रेझर नमुना म्हणून समोर. नानांनी बाभळीच्या लाकडाचे दोन ठोकळे घेतले आणि त्या पिळाच्या मापाने कानशीने घासत आणले. एक वर, एक खाली, मध्ये टोपी. काचेवर ठेवून एका टोकाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवायच्या, किती जातात ते मोजायचं, नमुन्याशी ताडून पाहायचं. आयुष्यभर ज्या पट्ट्यांनी वाकडेपणा काढला त्यांनीच आता तो घालायचा होता. दर संध्याकाळी येऊन ते मायला आकडे सांगत. माय म्हणायची, “पोरीनं लगीन शे, रेझरनं नही.” पण ती त्यांचं ताट वाढून थांबत असे.

लग्नाच्या सकाळी मी मोरीत हळद धूत होते तेव्हा ओट्यावर नानांची दाढी चालली होती. आधी मला वाटलं, ते थांबले आहेत. खरवडल्याचा आवाजच नव्हता. कान दिला तेव्हा ऐकू आलं. कोरड्या रेतीवरून फडकं ओढल्यासारखं काहीतरी, फार हलकं. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे दांडी टोकाला, दोन बोटांत, रेझरचं वजन तेवढंच काम करील अशी. छोटे छोटे हात, केसांच्या वाढीच्या दिशेने, मनगट न वळवता. निघताना मी नानांच्या पाया पडले आणि त्यांनी मला उठवून जवळ घेतलं, तेव्हा त्यांचा गाल माझ्या कपाळाला लागला. लहानपणापासून ओळखीचा तो खरखरीत गाल नव्हता. मी क्षणभर गोंधळले. त्यांच्या तोंडावर एकही कपटा नव्हता.

नाना गेल्यावर ते रेझर माझ्याकडे आलं. अण्णांचं वसंत वापरत होता, त्यामुळे पारशी घरातून निघालेली जोडी आमच्या कपाटात पुन्हा एकत्र आली. मी ती मोजली आहे; मोजल्याशिवाय मला लिहिता येत नाही. नानांनी वाकवलेल्या टोपीचा पीळ एका टोकाला किंचित कमी आहे. नानांना ते माहीत होतं. व्हाइसच्या जबड्याची खूण त्याच कोपऱ्यावर आहे, आणि नाजूक जागी, गळ्यावर, ते तीच बाजू वापरायचे. स्वतःच्या चुकीला त्यांनी असं काम लावलं होतं.

परवा आमच्या नातवाने फोन केला. ओंकार पुण्यात असतो. त्याला नानांची दाढी मिळाली आहे, मधल्या पिढीला वगळून. ऑनलाइन त्याने, दाट दाढीसाठी म्हणून, नवं रेझर मागवलं होतं; ते तिरपं निघालं. “आजी, हे वाकडं आलंय. परत करू?” मी त्याला म्हटलं, करशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मग त्याने चार फोटो धाडले, यातलं कुठलं घेणं बरं होतं म्हणून. आता कितीतरी प्रकार निघतात. काहींत ब्लेडला पीळ बसतो, काहींत ब्लेड नुसतं कललेलं असतं. काहींत धार जास्त बाहेर, काहींत कमी. मी सांगितलं ते असं: पहिल्यांदा घेतोयस तर धार कमी बाहेर असलेलं घे. फार जड नको, वजन हाताला कळेल एवढं पुरे. सुरुवातीला सर्वांत धारदार ब्लेड घालू नकोस. कढत पाण्याने दाढी आधी भिजव, घाई असेल त्या दिवशी करू नकोस. आणि मुख्य गोष्ट तुझे आजोबा सांगतील.

वसंतच्या हातांना गेल्या वर्षीपासून कंप आहे. रविवारी आणि गुरुवारी त्याची दाढी मी करते. पाट नाही, खुर्ची आहे. तांब्या तोच आहे. मी अण्णांचं रेझर घेते, गळ्याशी आले की नानांचं. गेल्या रविवारी मी साबणाचा फेस लावला, गळ्यापासून सुरुवात करायची म्हणून नानांचं रेझर उचललं, आणि पाहिलं तर त्याने तोंड उघडलं होतं. काहीतरी सांगायचं होतं. मग मिटलं. मी हात थांबवला.

“अहो, आधी बोला,” मी म्हणाले. “काय सांगायचंय ते सांगून टाका. मग करते.”

त्याने ओठांवरचा फेस पुसला.

“हे तिरपंच असतं,” तो म्हणाला. “दाबू नकोस.”